बिबट्याला मारलेला डार्ट पुन्हा वापरतात का? भरण्याआधी काय तपासतात?

नोव्हेंबर २०२५मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात नरभक्षक बिबट्याच्या शोधात असलेल्या पथकाने आधी भुलीचा डार्ट मारला. तो चुकला. बिबट्या पथकाच्या दिशेने धावून आला आणि शार्पशूटरच्या गोळीने ठार झाला. पिंपरखेड हे जुन्नर वन विभागातले गाव. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके याच विभागात येतात.

बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या अनुसूची १मध्ये आहे. त्याला पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नसेल, तरच ठार मारण्याची परवानगी मिळते. म्हणूनच डार्ट नीट चालणे महत्त्वाचे. यातले बरेच डार्ट एकदा वापरून फेकायचे नसतात, ते पुन्हा भरले जातात.

डार्ट काम कसा करतो?

डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबाने भरलेली हवा आणि मध्ये रबरी दट्ट्या. सुईचे टोक बंद असते, छिद्र बाजूला असते. त्यावर सिलिकॉनची छोटी नळी बसवलेली असते. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरकते, छिद्र उघडते आणि हवेच्या दाबाने औषध आत जाते. बिबट्यासाठी सहसा केटामाइन आणि झायलाझिन ही औषधे एकत्र वापरतात.

वापरलेल्या डार्टमध्ये काय पाहतात?

सर्वांत आधी, सापडलेला डार्ट भरलेलाच आहे असे धरून चालतात. हातमोजे घालून सुई झाकायची, मग हवेचा दाब काढायचा. त्यानंतर एकेक भाग तपासायचा.

• नळकांडे: तडा किंवा बाक असेल तर बाद. सपाट पृष्ठभागावर घरंगळवले की बाक लगेच दिसतो.
• सुई: वाकलेली किंवा बोथट असेल तर बदलायची. बाजूच्या छिद्रात केस, मांसाचा तुकडा अडकतो, तो पाहायचा.
• सिलिकॉन नळी: स्वस्त असते, त्यामुळे दर वेळी नवी घालणे उत्तम.
• दट्ट्या: फुगला किंवा कडक झाला तर औषध अर्धेच बाहेर पडते.
• शेपटी: धागे तुटले किंवा ओले झाले, तर डार्ट सरळ जात नाही.

धुऊन, निर्जंतुक करून, वाळवल्यावर पाण्याची चाचणी होते. औषधाऐवजी पाणी आणि मागे हवा भरून गळती पाहतात. नळी सरकवल्यावर पूर्ण पाणी बाहेर आले, तरच तो डार्ट ठेवायचा. दारूच्या छोट्या स्फोटाने औषध ढकलणारे काही डार्ट एकाच वापरासाठी असतात, ते पुन्हा भरायचे नसतात.

हे बंदुकीच्या पुंगळीसारखेच आहे का?

तत्त्व तेच. परदेशात नेमबाज पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी तडे, फुगवटा, सैल झालेले तोंड तपासून वेगळ्या करतात. भारतात मात्र काडतूस तयार करायला शस्त्र अधिनियम १९५९नुसार परवाना लागतो. घरी पुंगळ्या भरण्याचा प्रयोग करू नये.

चूक झाली तर?

औषध अर्धेच गेले, तर बिबट्या झोपत नाही, बिथरतो. पूर्ण डोस लागला तरी गुंगी यायला काही मिनिटे जातात. तेवढ्यात तो उसात शिरला, तर अंधारात त्याचा माग काढावा लागतो. त्यात बघ्यांची गर्दी झाली, तर धोका आणखी वाढतो.

शेतात डार्ट सापडला तर काय कराल?

चुकलेला डार्ट उसात पडून राहू शकतो. त्यात औषध आणि दाब दोन्ही शिल्लक असू शकतात. हे औषध माणसालाही घातक ठरू शकते.

• डार्टला हात लावू नका, मुले आणि जनावरे दूर ठेवा.
• जागेवर खूण करा आणि वन विभागाला १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.
• सुई टोचली असेल, तर तातडीने रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘बिबट्याच्या भुलीचा डार्ट’ असे स्पष्ट सांगा.