ट्रॅक्टर उलटतो तो कशाभोवती?



बैलगाडी भरताना जाणता माणूस आधी तोल बघतो. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते. पुढे जास्त झाले तर ती धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर ओझे येते. दोन्ही वेळा चाके जागेवरच असतात. गाडी मात्र आसाभोवती फिरते.

एखादी घट्ट वस्तू अशी फिरते तेव्हा तिचा प्रत्येक भाग एका सरळ रेषेभोवती वर्तुळात फिरत असतो. त्या रेषेला अक्ष म्हणतात. दाराचा अक्ष बिजागऱ्यांतून जातो. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, जड जाते. तेच कडेला ढकलले की बोटाने फिरते. जोर अक्षापासून जितका लांब, तितके फिरवण्याचे बळ जास्त, हा यातला मुख्य नियम.

लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन दिशा असल्याने ट्रॅक्टरही तीन अक्षांभोवती फिरू शकतो.

पहिला अक्ष उभा. ट्रॅक्टर डावी-उजवीकडे वळतो तो याच्याभोवती. शेतात झटकन वळता यावे म्हणून मागच्या दोन चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात. रस्त्यावर वेगात असताना एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. म्हणून रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही पेडल कडीने जोडून घ्यावेत.

दुसरा अक्ष आडवा, म्हणजे मागच्या चाकांचा आस. फडातल्या चिखलात चाके रुतली, इंजिनचा जोर तर आसाला फिरवतोच आहे, पण चाके फिरेनात. मग ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरू लागते आणि तोंड वर उचलते. बैलगाडी उलाळ व्हावी तसेच हे. फरक इतकाच की पाऊण सेकंदात ते हाताबाहेर जाते. ट्रॉली टॉप लिंकला किंवा उंचावर अडकवली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण मागे खेचणारा जोर उंचावर लागतो. हूक खालच्या ड्रॉबारलाच लावावा. क्लच हळू सोडावा, तोंड उचलताच तो दाबावा. रुतलेला ट्रॅक्टर मागे घेऊन काढता आला तर पुढे रेटू नये.

तिसरा अक्ष लांबीचा. ट्रॉली कुशीवर पडते तेव्हा ती बाहेरच्या चाकांखालच्या रेषेभोवती फिरते. ऊस जितका उंच रचावा, तितका भाराचा मध्य त्या रेषेपासून वर जातो. वळणावर बाहेर ओढणाऱ्या जोराला तेवढी लांब तरफ मिळते. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १० किलोमीटरऐवजी २० ने वळण घेतले तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यात एक चाक साईडपट्टीवरून खाली उतरले की संपलेच! म्हणून भार बेताचा आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा, वेग वळणाच्या आधीच कमी करावा.

स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या रक्षणासाठी मजबूत लोखंडी चौकट सक्तीची झाली आणि पुढे उलटून होणारे मृत्यू तेथे फार कमी झाले. अशी चौकट असेल तर कमरेचा पट्टा अवश्य बांधावा. चौकट नुसती असून भागत नाही, माणूस तिच्या आत राहिला पाहिजे. मडगार्डवर कोणाला बसवू नये, मग तो घरचा पोरगा का असेना.

एक खेप जास्त झाली तरी चालेल, ट्रॉली उंच भरू नका. ऊस गव्हाणीत पोचला आणि चालक घरी पोचला, तरच ती खेप पुरी झाली.