पिंप रिकामे केले, पण घासले का?

सूरह बकराच्या 26 व्या आयतीत अल्लाहने डासाचा दाखला दिला आहे. एवढासा जीव, पण अख्खे घर आजारी पाडतो. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून छावणीतही आपण पिंपे, रांजण भरून ठेवतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीला असेच साठवलेले स्वच्छ पाणी हवे असते. पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या ओल्या कडेला ती अंडी चिकटवते. भांडे कोरडे पडले तरी अंडी कित्येक महिने तगतात. पुन्हा पाणी भरले की अळ्या निघतात आणि 8-10 दिवसांत डास उडतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. दर जुम्याला वुजूच्या पाण्याचे पिंपसुद्धा आतून घासू, वाळवू, मग भरून घट्ट झाकू.