नवापूरची हवा आणि भिंतीवरचे मॉस

नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा फलाट दोन राज्यांत आहे. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, तर फलाटाचा मोठा भाग गुजरातमध्ये. उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध सीमा दाखवली आहे, आणि त्या बाकावर बसून फोटो काढण्याचा मोह उतारूंना सहसा आवरत नाही. सीमेचे हे कौतुक हवेला मात्र नाही.

हा उधना–जळगाव लोहमार्ग. एका टोकाला सुरत, दुसऱ्या टोकाला जळगाव. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत ही दोन्ही नावे होती. यादी शहरांची असल्यामुळे मधल्या नवापूर-विसरवाडीचा त्यात प्रश्नच आला नाही. पण सुरत–धुळे महामार्गावरचे ट्रक नवापूर तालुका ओलांडूनच कोंडाईबारीचा घाट चढतात. पश्चिमेला उच्छल मागे टाकले की सोनगड तालुका लागतो आणि तिथे उकाईचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. खुद्द नवापुरात कुक्कुटपालनाचा मोठा पसारा. डिझेलचा धूर, कोळशाची राख आणि कोंबडखताचा अमोनिया अशा तीन तऱ्हा एका तालुक्याच्या आसपास एकत्र येतात.

अशा ठिकाणची हवा तपासायची कशी? अखंड मोजमाप करणारे स्वयंचलित केंद्र उभारायचे तर खर्च कोटीच्या घरात जातो; वीज, देखभाल आणि माणसे वेगळीच. तालुक्यात अशी वीस-पंचवीस केंद्रे कुणी उभारणार नाही. मात्र पावसाळ्यात कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर, आंब्याच्या खोडावर मखमलीसारखे मॉस फुकट उगवते. (डबक्यातले बुळबुळीत शेवाळ ते वेगळे.) हवेतून काय काय खाली पडले, हे ह्या मॉसकडून काढून घेण्याची पद्धत जगात अर्धशतकाहून अधिक काळ वापरात आहे.

मॉसला खरी मुळे नसतात. इतर झाडांच्या पानांवर असतो तसा मेणचट थर त्याच्या पानांवर जवळजवळ नसतोच, आणि बहुतेक जातींचे पान एकाच पेशीच्या जाडीचे असते. जमिनीतून ओढून घेण्याची सोय नसल्यामुळे पाऊस, दव आणि धूळ यांतून जे मिळेल त्यावर ते जगते. त्याच्या पेशीभित्तिकांवर ऋणभारित जागा भरपूर असतात. शिसे, कॅडमियम, तांबे यांचे धनभारित आयन तिथे येऊन चिकटतात आणि सहजी सुटत नाहीत. थोडक्यात, मॉस हा हवेखाली कायम पसरलेला टीपकागद आहे. उन्हाळ्यात ते वाळून करडे पडते, पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवे होते, पण आधी पकडलेल्या धातूंचा बराचसा भाग त्याच्यातच राहतो.

ही गोष्ट कामाला लावली ती स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या ऑके र्‍यूलिंग आणि गेर्मुंड टीलर यांनी. १९६८ साली त्यांनी शिशावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली युक्ती अशी, की त्यांनी ताज्या मॉसबरोबर वनस्पतिसंग्रहालयांत जपून ठेवलेले, १८६० पासूनचे वाळके नमुनेही तपासले. शिसे दोन टप्प्यांत चढलेले दिसले: आधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कोळशाच्या वाढत्या वापराबरोबर, मग १९५० नंतर, शिसेयुक्त पेट्रोलबरोबर. ज्यांनी ते नमुने गोळा केले त्यांच्या ध्यानीमनीही प्रदूषण नव्हते.

पुढे १९९० पासून युरोपातल्या अनेक देशांनी दर पाच वर्षांनी मॉसची एकत्रित पाहणी सुरू केली. १९९० ते २०१० या काळात तिथल्या मॉसमधले शिसे सरासरी ७७ टक्क्यांनी आणि कॅडमियम ५१ टक्क्यांनी घटले. शिसेमुक्त पेट्रोलचा कायदा कागदावर राहिला नाही, याची ही साक्ष. (भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले ते २००० साली.)

पण सगळ्यांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात अमेरिकी वनखात्याच्या सारा जोव्हान आणि जेफ्री डोनोव्हन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये झाडांच्या खोडांवरून मॉसचे ३४६ नमुने गोळा केले. कॅडमियमचे आकडे नकाशावर मांडले, तर दोन जागा ठळकपणे पुढे आल्या आणि दोन्हींजवळ रंगीत काचेचे कारखाने निघाले. पिवळ्या-लाल काचेला रंग येण्यासाठी कॅडमियमची संयुगे वापरतात. राज्याच्या पर्यावरण खात्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांपैकी बुल्सआय ग्लास या कारखान्याजवळ यंत्र बसवले, तेव्हा हवेतले कॅडमियम राज्याने ठरवलेल्या पातळीच्या ४९ पट भरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बातमी फुटली, शहर हादरले, कारखान्याने कॅडमियमचा वापर थांबवला आणि पुढे राज्याला उद्योगांतून हवेत जाणाऱ्या विषारी द्रव्यांसाठी नवे नियम करावे लागले. मॉसने खटला चालवला नाही. यंत्र कुठे बसवायचे एवढेच सांगितले. त्याचे खरे काम तेवढेच, आणि ते थोडके नाही.

जिथे मॉस उगवतच नाही तिथेही मार्ग आहे. वेल्समधल्या स्वान्सीच्या धातू-कारखान्यांच्या खोऱ्यात गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी स्वच्छ जागेतले मॉस जाळीच्या पिशव्यांत भरून टांगले आणि काही आठवड्यांनी तपासले. १९७१ साली ‘नेचर’मध्ये आलेली ही ‘मॉस-पिशवी’ आता जगभर वापरली जाते.

महाराष्ट्रही याबाबत कोरा नाही. २००६ साली एस. चक्रवर्ती आणि जी. टी. पारतकर यांचा मॉसद्वारे हवेतील धातूंचा माग घेणारा निबंध ‘एरोसोल अँड एअर क्वालिटी रिसर्च’ या नियतकालिकात आला. मुंबई परिसरातल्या हवेसाठी मॉसबरोबर दगडफूलही तपासणारा त्यांचा आणखी एक निबंध सहकाऱ्यांसह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. दगडफूल म्हणजे काळ्या मसाल्यात पडते तेच. तेही हवेतले धातू धरून ठेवते, हे मसाला भाजणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

२००६ हेच वर्ष नवापूरच्याही वाट्याला वेगळ्या कारणाने आले. देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूची बातमी १८ फेब्रुवारीला इथून फुटली, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि तालुक्याचे नाव जगभर गेले. रोगाची चर्चा भरपूर झाली. कोंबड्यांच्या शेडभोवतीच्या हवेची झाली नाही. कोंबडीच्या विष्ठेतले यूरिक आम्ल सूक्ष्मजीव फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि आसपासच्या जमिनीवर, झाडांवर नायट्रोजन होऊन बसतो. युरोपच्या पाहणीत २००५ पासून मॉसमधला नायट्रोजनही मोजतात. नवापूरला मॉसचा सगळ्यांत मोठा उपयोग इथेच होईल. शेडपासून जवळ, थोडे दूर आणि रानात असे नमुने घेतले, तर अमोनिया कुठवर पोचतो ते दिसेल. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हवा गुजरातकडून येते आणि मॉसही तेव्हाच सर्वांत ताजे असते, हीदेखील सोयीची गोष्ट.

अडचणी आहेतच. मॉस खाली पडलेला माल मोजते. हवेत प्रति घनमीटर किती मायक्रोग्रॅम, हे ते सांगत नाही. युरोपातल्या पाहणीतल्या जाती नवापूरच्या परिसरात मिळणार नाहीत. इथे भिंतींवर सर्रास वाढणारी हायोफिला किंवा खोडांवरची एखादी जात निवडावी लागेल, आणि सगळीकडे तीच घ्यावी लागेल. चुना-सिमेंटवरचे मॉस खालचे कॅल्शियमही उचलते, म्हणून झाडावरचे बरे. शेतातली आणि रस्त्याची धूळ आकडे फुगवते. तेव्हा अॅल्युमिनियमही मोजून मातीचा वाटा वेगळा काढायचा असतो. युरोपीय नियमानुसार पार्श्वभूमीचे नमुने महामार्ग आणि वस्तीपासून किमान ३०० मीटर लांबून घेतात. पोर्टलंडसारखा स्रोत शोधायचा असेल तर उलट जवळ जावे लागते. आधी हेतू ठरवायचा, मग चाकू काढायचा. चाकू प्लास्टिकचा, हातमोजे घालून, आणि बिडी न ओढता.

महागडे काय, तर शेवटची धातूंची तपासणी. ती विद्यापीठांच्या आणि आयआयटीच्या उपकरण केंद्रांत शुल्क भरून होते. गोळा करणे, निवडणे, वाळवणे हे मात्र नवापूर-नंदुरबारच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला जमण्यासारखे आहे. तपासणीचे पैसे यंदा नसले, तरी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, वीस ठिकाणचे नमुने घ्यावेत, कागदी पाकिटात वाळवून ठेवावेत आणि पाकिटावर जागा, झाड आणि तारीख लिहावी. स्वीडनमध्ये शंभर वर्षांपूर्वीची पाकिटे उपयोगी पडली; नवापूरची पाच-दहा वर्षांनी नक्की पडतील.