नदीचे आरोग्य आणि वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे. प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असणारी माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, तेव्हा वायू, जल, देश व काल हे चार सामान्य भाव बिघडलेले असतात, असे भगवान आत्रेय गंगातीरी अग्निवेशास सांगतात. गंध, वर्ण, रस व स्पर्श विकृत झालेले, क्लेदबहुल, पक्ष्यांनी त्यागलेले आणि आटलेले जल हे दूषित जलाचे लक्षण तेथे दिले आहे. आजच्या आजारी नदीचे वर्णन याहून वेगळे ते काय करणार?

पश्चिम समुद्रास मिळणाऱ्या, वेगवान व निर्मळ नद्यांचे पाणी वाग्भटाने पथ्यकर मानले आहे. आपली सूर्या नदी याच वर्गातील. धामणीचे धरण व कवडासचा बंधारा ओलांडून ती वैतरणेस मिळते. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून १९९१ साली घोषित झाला. तरीही गंजाड परिसरातील पाडे पावसाळ्यात जलमय, तर ग्रीष्मात तृषार्त असतात. ओहोळ आटले की उरलेल्या साचलेल्या पाण्यावर भागवावे लागते. मग अतिसार, प्रवाहिका, कामला व त्वग्विकार यांचे रुग्ण आपल्या दारी येतात. आपण रुग्णास औषध देतो. परंतु निदानपरिवर्जन घडत नाही.

श्रमदानाचा उपाय

पालघर जिल्ह्यात पावसाळा सरताच ग्रामस्थ, विद्यार्थी व कर्मचारी श्रमदानाने वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून त्या ओहोळात आडव्या रचल्या जातात. वाहून जाणारे पाणी थांबते, भूमीत मुरते, विहिरींची पातळी टिकते, गुरांना पाणी व रब्बी भाजीपाल्यास ओल मिळते. बंधारा एका हंगामाचाच असतो, म्हणून श्रमदान दर वर्षी करावे लागते. पावसापूर्वी गोण्या काढून घेणेही तितकेच आवश्यक आहे, अन्यथा त्यांचे प्लास्टिक नदीतच जाते.

या कार्यातील अग्रणी राजेंद्र सिंह हे आपल्याच शास्त्राचे पदवीधर आहेत, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावा. १९८५ साली ते अलवर जिल्ह्यातील गोपालपुरा येथे वैद्यकसेवेच्या हेतूने गेले. गावास औषधापेक्षा पाण्याची निकड आहे, हे तेथील वृद्धाने सांगताच त्यांनी कुदळ हाती घेतली. ग्रामस्थांनी जोहड बांधले आणि मृतप्राय अरवरी नदी पुन्हा वाहू लागली. २००१ साली त्यांना मॅगसेसे, तर २०१५ साली स्टॉकहोम जल पुरस्कार लाभला. महाराष्ट्रातही २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून 'चला जाणूया नदीला' अभियान सुरू झाले.

आपण काय करावे?

वैद्यांनी जलजन्य व्याधींची पाडानिहाय व ऋतुनिहाय नोंद ठेवावी. कोणत्या पाणवठ्याकडे आधी लक्ष द्यावे, हे ग्रामसभेस त्यावरून उमगेल. श्रमदानाच्या दिवशी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवणे ही मोठी तोशीस नव्हे.

औषधनिर्मात्यांचे उत्तरदायित्व अधिक आहे. क्वाथाचा चोथा ओहोळात टाकल्यास तो कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषतो व मासे मरतात. त्याचे उत्तम खत होते. रसौषधींची भांडी धुतलेले पाणी प्रवाहात कदापि सोडू नये. अर्जुनाची साल खरेदी करताना ती कशी काढली, हे विचारावे. भोवताली पूर्ण सोललेला वृक्ष मरतो आणि त्याच्या मुळांनी धरलेला काठ ढासळतो. एका बाजूची, आतील थर राखून काढलेली सालच घ्यावी. काठावर अर्जुन, करंज, उंबर व जांभूळ लावावेत.

भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करा, असे आत्रेयांनी शिष्यांना बजावले होते. भूमी विरस होऊच न देणे हे आज आपल्या हाती आहे. येत्या कार्तिकात गंजाडच्या एखाद्या ओहोळावर आपल्या संघटनेचाही बंधारा उभा राहावा, ही आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती.