गुणोत्तर बदलतं, तेव्हा काय बदलत नाही?

तुमच्या वालूरच्या बारवेत पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. पायऱ्या मात्र जागच्या जागी. म्हणून तर पाणी किती चढलं हे सांगता येतं. बदलत्या गुणोत्तराच्या गणितातही आधी अशी न हलणारी पायरी शोधायची असते.

गणित बघा. वर्गात मुलगे आणि मुली यांचं गुणोत्तर ४:३ आहे. ५ मुली नव्याने आल्या, गुणोत्तर ८:७ झालं. आधी मुलगे किती, मुली किती?

बरीच मुलं म्हणतात, मुली ३ च्या ७ झाल्या, म्हणजे ४ भाग वाढले. ४ भाग म्हणजे ५ मुली. मग एक भाग सव्वाचा, आणि वर्गात मुली पावणेचार! मूल गोंधळतं, आणि आपण म्हणून मोकळे होतो, ‘याला गणित जमत नाही.’ पण वजाबाकी त्याची बरोबर आहे. चूक मापात आहे. पहिल्या गुणोत्तरातला भाग आणि दुसऱ्यातला भाग सारखे नाहीत. एक धान्य शेराने मोजलं, दुसरं पायलीने, तर ते आकडे एकमेकांतून वजा होतील का?

मग माप सारखं कसं करायचं? मुलगे बदललेले नाहीत. एकदा ते ४ भाग, एकदा ८. म्हणून ४:३ ला २ ने गुणा : ८:६. आता मुली ६ भागांवरून ७ झाल्या. वाढलेला एक भाग म्हणजे ५. मुलगे ४०, मुली ३०. पडताळा घ्या : ४०:३५ म्हणजे ८:७.

नेहमीचं त्रैराशिक, भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त मांडलेलं, इथे थेट लागत नाही. तिथे एक राशी दुप्पट तर दुसरीही दुप्पट. इथे एकीत भर पडली, दुसरी तशीच.

आता दोन भावांकडे ज्वारीची पोती ५:३. थोरल्याने धाकट्याला ४ पोती दिली, गुणोत्तर ७:५ झालं. इथे दोघांचीही पोती बदलली, पण बेरीज तीच. बेरजेचे भाग ८ आणि १२. दोन्ही २४ करा. १५:९ चे १४:१० झाले. एक भाग ४ पोत्यांचा. आधी ६० आणि ३६.

वयाच्या गणितात आई आणि लेक दोघींची वयं वाढतात. फरक तेवढाच राहतो. तिथे फरकाचे भाग सारखे करायचे.

तेव्हा घरी मूल अडलं, तर ‘उत्तर किती आलं?’ हे नंतर. आधी विचारा, ‘यात काय बदललं नाही, बाळा?’