भरिताचा वास मेंदूत शिरतो तेव्हा

थंडी पडली की पारोळ्याच्या शिवारात संध्याकाळी पऱ्हाट्या पेटतात. वेचणी आटोपलेल्या कपाशीची ही वाळकी काटकं. त्यांच्या जाळावर भरताची मोठी, हिरवट वांगी ठेवायची आणि साल काळी पडून फुटेपर्यंत उलटीपालटी करायची. धुळे-जळगाव रस्त्यावरून जाणाऱ्याला शेत दिसत नाही, जाळही दिसत नाही, तरी तो मान वळवून म्हणतो, "भरीत चाललंय कुठंतरी."

एवढं एक वाक्य तोंडातून निघण्याआधी त्याच्या डोक्यात जे घडून गेलेलं असतं, ते कळल्यापासून मी त्या धुराकडे नव्या आदराने बघतो.

पऱ्हाटी जळताना तिच्यातलं लिग्निन फुटतं आणि ग्वायाकॉलसारखे रेणू हवेत सुटतात. वांग्याच्या करपलेल्या सालीतून आणखी कितीतरी सुटतात. हे सगळे एका श्वासाबरोबर नाकाच्या छतापाशी पोचतात. तिथे थोड्याशा ओलसर जागेत लाखो चेतापेशी बसलेल्या असतात आणि त्यांचे केसासारखे तंतू थेट हवेच्या वाटेवर लोंबत असतात. मेंदूशी जोडलेल्या पेशी अशा उघड्यावर शरीरात दुसरीकडे कुठेच नाहीत. धूळ, धूर, सर्दी सोसून त्या झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी तयार होतात, आयुष्यभर.

या पेशी रेणू ओळखतात कशा, हे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदरांवर काम करून उलगडलं; २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. वास टिपणाऱ्या ग्राहींची जनुकं सस्तन प्राण्यांत शेकड्यांनी असतात. माणसात चालू स्थितीतली सुमारे ४००, उंदरात हजाराच्या वर, आफ्रिकी हत्तीत जवळजवळ २०००. आणि प्रत्येक पेशी त्यातला एकच ग्राही वापरते.

मग ४०० ग्राहींत हजारो वास कसे मावतात? रांगोळीचे ठिपके आठवा. नाकाच्या छताचं हाड चाळणीसारखं सच्छिद्र असतं. पेशींचे धागे त्या भोकांतून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या टोकाशी असलेल्या गंधकंदात शिरतात. एकाच ग्राहीच्या पेशी नाकात कुठेही विखुरलेल्या असोत, त्यांचे धागे वर येऊन ठरावीक ठिपक्यांवरच एकत्र येतात. एक रेणू अनेक ग्राहींना कमीअधिक छेडतो, म्हणून दर वासाला वेगळे ठिपके उजळतात. ठिपके तेच, रांगोळी दर वेळी निराळी. धुराची एक, लसणाची दुसरी, आणि दोन्ही मिसळली की तिसरीच.

पुढचा टप्पा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. डोळ्यांचा, कानांचा निरोप आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतो आणि मग मेंदूच्या सालीत जातो. वास त्या नाक्यावर थांबतच नाही. गंधकंदातून तो थेट सालीच्या पिरिफॉर्म नावाच्या भागात जातो, आणि त्याच वेळी भीती-माया जागवणाऱ्या अमिग्डालात आणि आठवणींच्या उंबरठ्यावरही. पिरिफॉर्ममध्ये नेटकी रांगोळी उरत नाही, ठिपके विखरून जातात. कोणत्या विखुरणीला 'भरीत' म्हणायचं हे जन्मतः ठरलेलं नसतं. ते अनुभवाने ठरतं. म्हणून खान्देशात वाढलेल्याला तो धूर जेवायला बोलावतो आणि परक्याला नुसता धूर वाटतो. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या निघतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. शब्दाने किंवा चित्राने जागणाऱ्या आठवणी त्यामानाने नंतरच्या वयातल्या असतात.

अनुभव मेंदूला किती बदलू शकतो, ते मेंढीत बघावं. धुळ्याकडचे ठेलारी शेकडो मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरतात. एवढ्या कळपात प्रत्येक मेंढी आपल्याच कोकराला अंगाशी घेते, दुसऱ्याचं आलं तर डोक्याने ढकलते. ही पारख वासाची. एरवी ज्या गर्भजलाच्या वासाने मेंढी मागे सरते, तेच ती व्यायल्यावर चाटून काढते, आणि पुढच्या काही तासांत तिच्या पिल्लाचा वास तिच्यात पक्का बसतो. प्रसूतीच्या कळांबरोबर गंधकंदात नॉरॲड्रेनलिन सुटतं आणि तिथली जोडणी बदलते. कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की व्यायच्या आधी मेंढीच्या गंधकंदातल्या बहुसंख्य पेशी चाऱ्याच्या वासाला दाद देत होत्या, कोकराच्या वासाकडे खास ओढ कुणाचीच नव्हती. व्यायल्यावर त्यातल्या कित्येक पेशी कोकराकडे वळल्या. म्हणून तर पोरकं कोकरू दुसरीच्या पदरात घालायचं तर मेंढपाळ तिच्या मेलेल्या पिल्लाचं कातडं त्याच्या अंगावर घालतात. पान्हा नाकावाटे फुटतो, हे त्यांना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

माणसाला वासाचं मोल कळतं ते तो गेल्यावर. कोविडच्या काळात अनेकांचा वास अचानक गेला. विषाणूने प्रामुख्याने गाठलं ते चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना. बहुतेकांचा वास परतला. पण तो नसतानाच्या दिवसांत माणसं जेवणावरून उठून गेली, कारण चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो. घास चावताना त्याची वाफ घशामागून वर नाकात चढते आणि तीच रांगोळी पुन्हा उजळते.

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या हिवाळ्यात ते भरीत कळण्याच्या पुरीबरोबर पानात आलं की पहिला घास नाक चिमटीत धरून खा. मीठ कळेल, मिरचीचा जाळ कळेल; भरीत कळणार नाही. मग घास तोंडात असतानाच चिमूट सोडा आणि नाकाने सावकाश श्वास बाहेर टाका.