वावधानातली मिरची

फेब्रुवारी-मार्च २०१४ मधल्या गारपिटीला दशक उलटून गेलं. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र असा मोठा टापू तेव्हा दोन-तीन आठवडे गारांखाली होता. गहू, हरभरा, कांदा, संत्रा, डाळिंब यांचे पंचनामे झाले, मदतीचे आकडे जाहीर झाले, त्यावर भांडणंही झाली. शेगावात आणि आसपासच्या खेड्यांत घरामागे, न्हाणीच्या पाण्यावर उभ्या असलेल्या मिरचीच्या झाडांची मात्र कोणत्याही कागदावर नोंद नाही. चार-पाच झाडं, पण त्यांच्यावर घराचा वर्षाचा ठेचा निघायचा. अशी झाडं त्या वर्षी मोडली आणि पुष्कळ घरांत पुन्हा लावली गेली ती बाजारातल्या रोपांची. वऱ्हाडातल्या घरगुती जहाल मिरचीची उतरण तिथून वेगाने सुरू झाली.

त्याआधीचा इतिहास लांबलचक आहे आणि बराचसा सर्वांना पाठ आहे. पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, मिऱ्यांची जागा घेत देशभर पसरली. ती वऱ्हाडात कधी पोचली, हा वाद अभ्यासकांनी घालावा. शेगावपुरता महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. इतकी रोज लागणारी वस्तू इथे शेतापेक्षा अंगणात का जपली गेली?

उत्तर पाण्यात आहे. शेगाव तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून जास्त पसरलेला हा पट्टा. खाली पाणी आहे, पण खारट; वर काळी, चिकट, निचरा न होणारी जमीन. जमिनीतला क्षार विद्युत वाहकतेवर मोजतात. कापूस ७.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत तग धरतो, मिरचीचं उत्पादन मात्र १.५ च्या पुढेच घटू लागतं. म्हणून इथल्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली आणि मिरचीला घराशेजारी जागा मिळाली. तिथे तिला पावसाचं धरलेलं किंवा लांबून आणलेलं गोडं पाणी मिळायचं, चुलीची राख मिळायची आणि येता-जाता कुणाची तरी नजर असायची. ही पिढ्यानपिढ्यांची हुशारी होती आणि ती बायकांची होती.

गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला घरोघर झुणका-भाकर आणि अंबाडीच्या भाजीसोबत हिरवी मिरची नैवेद्याला असते, ती याच अंगणातून यायची. शेगाव स्टेशनावरच्या कचोरीबरोबर मिळणारी तळलेली मिरची बाजाराची. तिचा मान वेगळा. ठेच्याला मात्र घरचीच मिरची हवी असायची. बुटकी, पातळ सालीची, भरपूर बियांची, पाट्यावर घेतली की शेजारच्या घरात ठसका जाणारी. एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर पिकल्या मिरच्यांची पुरचुंडी जायची आणि तेवढ्यावर वाण टिकायचं.

सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांवर फार रेंगाळण्यासारखं काही नाही. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ झालं, त्याने ‘जयंती’ हे मिरचीचं वाण दिलं. दिल्लीहून ‘पुसा ज्वाला’ आली, राहुरीहून ‘अग्निरेखा’ आणि ‘फुले ज्योती’. ही सगळी वाणं शेतासाठी, एकरी उत्पादनाच्या हिशेबाने तयार झालेली. ती चांगली होती आणि शेतकऱ्याच्या कामी आली. परसातल्या मिरचीच्या वाट्याला तसा अभ्यास कधी आला नाही. तिला कुणी हातही लावला नाही, त्यामुळे ती आपली चालत राहिली.

जगात मात्र तिखटाची शर्यत सुरू झाली होती. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधतज्ज्ञाने १९१२ मध्ये तिखटपणा मोजण्याची पद्धत काढली होती. साखरपाण्यात अर्क किती पातळ केला म्हणजे जिभेला कळेनासा होतो, त्यावरून अंक ठरे. २००० साली तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने आसामातली मिरची ८,५५,००० अंकांची असल्याचं सांगितलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. न्यू मेक्सिकोतल्या विद्यापीठाने तीच मिरची लावून तपासली आणि २००७ मध्ये भूत झोलकियाच्या नावावर दहा लाखांचा विक्रम नोंदला गेला. पुढे ट्रिनिडाड स्कॉर्पिअन, २०१३ मध्ये कॅरोलायना रीपर, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पेपर एक्स: २६ लाख ९३ हजार.

हे आकडे शेगावच्या गच्चीपर्यंत पोचले, ते २०१४ नंतरच्या दशकात. हातात स्मार्टफोन आला, बियाण्यांची पाकिटं घरपोच येऊ लागली. पाकिटावर लालभडक, सुरकुतलेलं फळ आणि खाली लाखांतला आकडा. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, तर गच्चीवरच्या कुंड्यांना ऊतच आला. त्या उत्साहाला नावं ठेवण्याचं कारण नाही. माणसं मातीत हात घालू लागली, हे चांगलंच झालं. राग आहे तो पाकिटं विकणाऱ्यांचा, कारण त्यांनी झाडाची खरी कुंडली कधी सांगितली नाही.

भूत झोलकिया आणि तिच्या गोतातल्या मिरच्या आपल्या लवंगी-ज्वालाच्या जातीच्या नाहीत. त्यांचं बी उगवायला दोन ते चार आठवडे घेतं. रोप लावल्यावर फळ पिकायला चार-पाच महिने लागतात. त्यांना ऊब हवी, पण दमट ऊब. तेजपूर आणि ग्वाल्हेर इथे वाढवलेल्या भूत झोलकियाची तुलना २००५ मध्ये झाली. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिचा तिखटपणा निम्म्याहून खाली आला. शेगावचा मे महिना ग्वाल्हेरच्याच कुळातला. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की कोणत्याही मिरचीचा फुलोरा गळतो, मग या पाहुणीचं काय राहणार? तिला मानवणारी हवा इथे पावसाळ्याचे तीन-चार महिने. नेमक्या त्याच काळात झड लागते, काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि मूळ कुजून उभं झाड एका दिवसात मान टाकतं. हे सांगणारी ओळ पाकिटावर नसते. लोकांना वाटतं, आपला हात चांगला नाही.

तिखटाचं आणि पावसाचं नातं खरं तर जुनं आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ ट्युक्सबरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या रानमिरच्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. किडा फळाला भोक पाडतो, भोकातून बुरशी शिरते आणि बी नासतं. फळातलं कॅप्सायसिन त्या बुरशीला रोखतं. दमट भागात तिखट झाडं जास्त आढळतात, कोरड्या भागात कमी. म्हणजे जहालपणा हा झाडाने ओल्या हवेशी लढताना कमावलेला गुण आहे. आपल्या अंगणातल्या बुटक्या मिरचीनेही वऱ्हाडचं ऊन आणि वऱ्हाडची झड पिढ्यानपिढ्या सोसली होती. ती सोसून टिकलेल्या झाडांचंच बी पुढच्या वर्षी पडत होतं. हा गुण पाकिटात मिळत नाही.

२०१४ नंतरच्या दशकाने वादळं मात्र हात राखून दिली नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुन्हा गारा. बुलढाणा, जालना, अकोल्यात रब्बी आडवा झाला. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी शेगावपासून रेल्वेने अगदी जवळ असलेल्या पारसला वावधान सुटलं, मंदिरासमोरच्या टिनाच्या शेडवर जुनं कडुलिंबाचं झाड कोसळलं आणि सात भाविकांचा जीव गेला. त्या रात्रीनंतर या भागात आभाळ काळवंडलं की माणसं आधी वर बघतात, मग घरात जातात. त्याच वर्षी जुलैत पूर्णेपलीकडे संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने शेतं खरवडून निघाली. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी आली. मिरचीच्या हिशेबाने पाहिलं तर एप्रिलच्या वाऱ्यात रोप, जुलैत मूळ आणि नोव्हेंबरच्या ओलीत पिकलेलं फळ. एका वर्षात तिन्ही अवस्थांवर घाव.

शेतातल्या पिकाला निदान भांडायला जागा होती. २०१५ पासून ३३ टक्के नुकसानीवर मदत मिळू लागली, २०१६ मध्ये पंतप्रधान पीक विमा योजना आली, राज्याने २०२३ मध्ये एक रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये तो बंदही केला. या साऱ्या धरसोडीत परसबागेचा उल्लेख कुठेच नाही. मदत मागायची हौस कुणाला नाही. चार झाडांचे असे किती पैसे? पण वाण गेलं तर ते परत कुठून आणायचं, एवढं तरी कुणीतरी विचारायला हवं होतं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा नागपूर जिल्ह्यातला तिचा पेरा केव्हाच आटला होता. गोव्यात काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, पाठोपाठ हरमलच्या मिरचीला. तिथे नाव तरी वेळेवर नोंदलं गेलं. वऱ्हाडातल्या घरगुती मिरचीला तर नावच नाही. ‘गावरान’ म्हटलं की विषय संपतो.

वादळाला सगळा दोष देणंही बरोबर नाही. गारांनी झाडं मोडली, पण बी सांभाळण्याची सवय आपण हळूहळू सोडली. रोपवाटिकेतून ट्रेमधलं रोप दहा मिनिटांत मिळतं. ते संकरित असतं, पहिल्या वर्षी लदलदून येतं, त्याचं बी पुढच्या वर्षी धरलं तर दहा झाडं दहा तऱ्हांची निघतात. पुन्हा रोप विकत आणायचं. शेजारी ढोबळी लावली म्हणून लवंगी फिकी झाली, असं अनेक जण सांगतात. तेही अर्धंच खरं. परागाचा परिणाम त्या वर्षीच्या फळावर होत नाही, त्या फळातल्या बियांवर होतो. फरक दिसतो तो दुसऱ्या वर्षीच्या झाडावर. ही माहिती जुन्या बायकांना पुस्तकाशिवाय होती. बियाण्याचं झाड त्या बाकीच्यांपासून दूर, कोपऱ्यात लावत.

आणि ज्या पेपर एक्सच्या नावाने सध्या पाकिटं विकली जातात, तिची गोष्ट तर संताप आणणारी आहे. ती तयार करणाऱ्या एड करी यांनी तिचं बी कुणालाच दिलेलं नाही. तेव्हा पाकिटात काहीही असो, पेपर एक्स नसते. आपण मात्र खोट्या नावाच्या पाकिटाला पैसे मोजतो आणि शेजारची म्हातारी फुकट देत असलेली पुरचुंडी घ्यायला विसरतो.

या दशकात ज्यांनी मिरची टिकवली, त्यांच्या रीती साध्या आहेत. भुईत लावायची तर गादीवाफा वीतभर उंच करून, म्हणजे झडीचं पाणी मुळाशी थांबत नाही. कुंडी किंवा तेलाचा डबा असेल तर तळाला भोकं मोठी आणि मातीत निम्मं शेणखत-वाळू. मार्च ते मे डबे भिंतीच्या आडोशाला. उघड्या गच्चीच्या कठड्यावर कधीच नाही. आधाराला तुऱ्हाटीचे दोन दांडे, बांध सैल, कारण करकचून बांधलेलं खोड वाऱ्यात बांधाशीच मोडतं. वरून जाळी किंवा जुनं लुगडं, पण एका बाजूला उतार ठेवून, म्हणजे गार साठत नाही, घसरते. पाणी पावसाचं धरलेलं. बोअरचं खारं पाणी दिलं तर पानांच्या कडा आधी करपतात. पानं चुरडामुरडा होऊ लागली तर फुलकिडे आणि कोळी पानामागे पाहायचे, वाईट शेंडे खुडून जाळायचे. भूत झोलकियाच लावायची हौस असेल तर बी जानेवारीत, घराच्या आत, उबदार जागी टाकावं आणि झाड पहिल्या वर्षी उपटू नये. नीट राखलं तर ते दुसऱ्या वर्षीही फळतं.

अजून वेळ गेलेली नाही. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, बाळापूर या भागांतल्या जुन्या घरांत अशी झाडं आजही तुरळक आहेत. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांच्या नोंदणीची सोय आहे. अकोल्याचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, बुलढाणा आणि जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. त्यांनी एका हंगामात गावोगावच्या परसांतून नमुने गोळा करून त्यांचा तिखटपणा, क्षार सोसण्याची ताकद आणि झडीत तगण्याची ताकद तपासावी. खारपाणपट्ट्यात टिकलेली मिरची ही केवळ ठेच्याची सोय नाही, उद्याच्या हवामानासाठी ते तयार बियाणं आहे.

तोवर हे काम घरांनीच करायचं आहे. ज्यांच्या परसात जुनी, जहाल मिरची अजून उभी आहे, त्यांनी येत्या हंगामात वादळ-झडीतून वाचलेलं एक निरोगी झाड बियाण्यासाठी राखावं. फुलं उमलण्याआधी एका फांदीला मलमलची पिशवी बांधावी, फळ धरलं की ती काढून फांदीवर दोऱ्याची खूण करावी. मिरच्या झाडावरच लालबुंद पिकू द्याव्यात, सावलीत वाळवून बी काढावं, राखेत घोळून कोरड्या बरणीत ठेवावं. त्यातलं अर्धं बी शेजारच्या दोन घरांत द्यावं, म्हणजे एका अंगणातलं झाड वादळात गेलं तरी बी दुसऱ्या अंगणात असेल.